शेत क्रमांक चार

लसूणघासाच्या पट्ट्याखाली, जिथे माझं शेत संपतं
आणि ओढा अजून सुरू झालेला नसतो,
तिथे पत्र्याची एक खोपटी आहे,
चार कोंबड्या मावणार नाहीत एवढी.
आत चोवीस बाटल्या गोल करून बसलेल्या,
मधोमध नळी, बॅटरी,
आणि माझ्या सहीचा करारनामा, कडेला उंदरांनी कुरतडलेला.

विस्कॉन्सिनच्या या भागात डोंगर बसके
आणि पाण्याला घाई.
मार्चमध्ये वरचं बर्फ सुटतं, खालची जमीन दगड.
पाणी कुठे मुरतंय, असा संशय घ्यायचीही सोय नाही.
ते मुरतच नाही,
सगळ्यांदेखत उतारावरून चालू लागतं
आणि रानात जे सुटं पडलेलं असेल
ते उचलून नेतं.

पाणी हललं की खोपटी माय न्हियाच्या फोनला कळवते.
रात्री दोनला तिचा ट्रक फाटकाशी येतो,
गाई बुजतील म्हणून दिवे मंद करते.
मी कोट चढवून जाते. बोलावलेलं कुणी नसतं.
अंडी काढावीत तशी ती बाटल्या काढते,
झाकणावर तारीख, वेळ, आणि आकडा: चार.
माझं नाव कुठेच नाही. ठरलंच आहे तसं.
एकदा म्हणाली, तिची आजी लाओसच्या डोंगरात भात करायची,
तिथे पाण्यावर यंत्र नव्हतं,
खालच्या रानातली बाई वर येऊन भांडायची.
तेवढं पुरत असे.

फेब्रुवारीच्या एकोणीसला
शेणकाल्याचा हौद काठोकाठ भरला.
ऑर्लिनचा खुबा नुकता बदललेला, तो खिडकीत बसून.
मीच टाकी जोडली ट्रॅक्टरला
आणि वरच्या तुकड्यावर, बर्फावर, नऊ फेऱ्या ओतल्या.
पांढऱ्यावर तपकिरी पट्टे.
रात्री पुन्हा बर्फ पडलं, सगळं झाकलं गेलं.
बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

बारा दिवसांनी त्यावर पाऊस आला.
बाटल्या चहाच्या रंगाच्या, वासही चहाचा नव्हता.
माय न्हियाने एकेक विजेरीपुढे धरली.
नाकावर मफलर ओढला नाही,
एवढं मी लक्षात ठेवलंय.

एप्रिलात चर्चच्या तळघरात बैठक.
पडद्यावर सात शेतांच्या सात रेघा,
सहा जमिनीलगत,
एक कुत्रं मागे लागल्यावर झाडावर चढलेल्या मांजरासारखी.
चार नंबरचा वर्षाचा अर्ध्याहून जास्त फॉस्फरस
एका रात्रीत गेलेला.
मागून एल्डन ब्राटलीन म्हणाला,
"कोण हा शहाणा, बर्फावर ओततो?"
सगळे हसले.
मीही.
ऑर्लिनने काठी या हातातून त्या हातात घेतली.

माणसाचं पाणी जोखतात म्हणे.
माझं जोखून झालं होतं,
थंड पेटीत, आकडे लावून,
आणि ते घेऊन जाणाऱ्या पोरीला
मी दर वेळी वाटेसाठी मफिन दिला होता.

मे महिन्यात एल्डनचं पेरणीयंत्र परत करायला गेले.
त्याची नात ओढ्यात गुडघाभर उभी,
ट्राउटच्या पिल्लांमागे चाळणी घेऊन.
त्याचं कुरण माझ्या खाली.
त्याच्या कालवडी तेच पाणी पितात.
"एल्डन," म्हटलं, "तो चार नंबरचा शहाणा..."
"माहीत आहे," तो म्हणाला,
"तुझ्याकडचा वारा माझ्याच अंगणात येतो, आर्डिस.
दार लावून जेवलो होतो आम्ही त्या रात्री."
मग बराच वेळ नातीकडे बघत राहिला.
"माझ्या बांधाला खोपटी नाही," म्हणाला,
"म्हणून मला हसता येतं."

मग वाकून त्याने यंत्राच्या चाकात बोट घातलं,
वंगण लावून आणलंय का बघायला.

नव्हतं लावलं.