एक सेंटीमीटर म्हणजे एक महिना

कात्री शाळेतलीच, कागद कापायची,
स्पिरिटनं पुसलेली.
दालिला वार्गाया मानेमागची बट उचलते,
दोऱ्यानं बांधते, कातडीलगत कापते
आणि पाकिटावर बाण काढते: मूळ इकडे.
बाण चुकला तर वर्ष उलटं वाचलं जाईल.

केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभर वाढतो.
टोकाशी गेल्या साली आलेला पूर,
मुळाशी हा महिना.
मधे कुठेतरी एउफेमिया शाहाओला दिवस गेले,
मधेच कुठेतरी तिचा नवरा सोन्याच्या पंपावर कामाला गेला
आणि तिकडचाच झाला.
यंत्राला यातलं काही कळत नाही.
यंत्र फक्त पारा वाचतं.

नदीचं नाव देवाची आई,
माद्रे दे दिओस.
रंग गार होऊन साय धरलेल्या चहाचा.
वरच्या वळणावर माणसं पिंपात पारा ओततात,
अनवाणी पायांनी वाळू तुडवतात.
पारा सोन्याला बिलगतो,
आणि तव्यावर तापवला की
सोन्याला तिथंच टाकून निघून जातो.
जातो म्हणजे नेमका कुठे जातो,
हा दालिलाच्या प्रबंधाचा विषय.
तीनशे बारा पानं.
एउफेमियाला तो एका ओळीत पाठ आहे:
"जाईल कुठे? माझ्या पातेल्यात येतो."

निकाल घेऊन दालिला परतली ती अकरा महिन्यांनी.
कूस्कोला विद्यापीठातलं यंत्र बंद पडलं होतं,
बोटाएवढा एक भाग कस्टममध्ये अडकला होता.
तोवर पोटातलं बाळ
खांबाला धरून उभं राहायला लागलं.

तिनं मर्यादा सांगितली, मग आकडा.
सहापट.
"सूंगारो खाऊ नका. मोठा मासा, माशांना खाणारा.
बोकिचिको चालेल."
"तो तर चिखल खातो."
"म्हणूनच."
एउफेमिया हसली, मग हसायची थांबली.
"आणि बाळाला?"
"कोंबडी चांगली."
"कोंबडी विद्यापीठ देणार?"
दालिलानं फॉर्मवर रकाना शोधला.
दोन्ही बाजूंनी शोधला.

"बस इथं," एउफेमिया म्हणाली, कात्री तिच्या हातात.
"आठ महिने तूही माझ्याच चुलीवरचं खाल्लंस."
दालिला बसली.
मानेवर थंड पातं, करकर आवाज.
एकशे चाळीस बटा कापल्या होत्या तिनं,
हा आवाज आतून कसा येतो ते ठाऊक नव्हतं.

बाळानं हात घातला तो सरळ तिच्या कानाला.
"डूल कुणाचे?"
"आईचे. जन्मभर बाजारात बटाटे विकून केलेले."
"सोनं?"
"सोनं."
एउफेमिया काही बोलली नाही.
बाळाची मूठ सोडवायला मात्र
तिनं जरा वेळ लावला.

केसानं गळा कापतात तो असा:
कापणारा कुठल्या तरी शहरात काचेपुढे उभा,
अंगठी घालून बघतोय, बोटाला सैल होते का,
आणि त्याला
कात्री कधी दिसतही नाही.

पाकीट क्रमांक एकशे एकेचाळीस.
बाण तिनं दोनदा तपासला.
टोकाशी सपाट, ते डोंगरातले मक्याचे महिने.
मुळाशी पुन्हा सपाट, वसतिगृहाची डाळ.
मधे एक टेकडी
आठ सेंटीमीटर लांब.
रात्री प्रयोगशाळेत तिनं दोन्ही आलेख शेजारी ठेवले.
एउफेमियाच्या आलेखाला
उतरण नव्हती.

हा नमुना प्रबंधात धरलेला नाही.
संमतीपत्रावर सही राहिली होती,
असं तळटिपेत लिहायचं ठरलं,
मग तळटीपही निघाली.

डूल ती अजून घालते.
डाव्या कानाचं भोक थोडं ओघळलंय.