शेपटीचे गुण

महापेच्या एका गाळ्यात, दुसऱ्या मजल्यावर,
आम्ही उंदराचं प्रथिन बनवतो
उंदराशिवाय.
जिवाणूंच्या पोटात उंदराचं एक वाक्य सरकवायचं,
रात्रभर त्यांना उबेत हलवत ठेवायचं
आणि सकाळी फोडायचं.
आपण कोणाचं बोलत होतो
हे त्यांना शेवटपर्यंत कळत नाही.

निघतं ते गुठळी होऊन निघतं.
युरियात सोडवायचं,
मग थंड खोलीत दोन दिवस
थेंबाथेंबाने त्याची घडी घालत बसायचं.
घाई केली की दुधासारखं नासतं.
त्याला मागे आम्हीच जोडलेली असते
सहा अक्षरांची एक शेपटी.
निकेलचे मणी तेवढीच धरतात,
बाकी सगळं वाहून जातं.

आबा रबाळ्याला मोटारी भरतात.
तळवलीची भातखाचरं सिडकोकडे गेली,
तेव्हापासून तांब्याची तार.
एकदा विचारलं त्यांनी, "काय गो बनवतस तिथं?"
म्हटलं, मज्जातंतूंवर वेष्टन असतं ना आबा,
त्याच्या अगदी बाहेरच्या थरातला एक तुकडा.
ते जळकी कॉइल नाकाशी धरून हसले.
"म्हणजे इनॅमल. ता गेला का मोटार गेली."
पुढे म्हणाले, "मग लावतव कुठं?"

लावत नाही, आबा.
टोचतो.

हे मी बोलले नाही.
त्यांचंच असलेलं, पण बाहेरून आलेलं,
उंदरांना टोचलं की त्यांचं रक्त ते शत्रू म्हणून पाठ करतं
आणि मग घरात शोधायला निघतं.
कुपीवर छापलेलं असतं : फक्त संशोधनासाठी.
ऐरोलीहून एका बाईंचा फोन आला होता,
उजवा डोळा धूसर, पायांत मुंग्या, वय एकतीस.
नाव वाचून त्यांना वाटलं होतं, औषध आहे.
"नाही" म्हणायला मला इतका वेळ लागला
की त्यांनीच मला "असू दे" म्हटलं.

शुक्रवारी एमआयडीसीत वीज बंद.
जनरेटरच्या धडधडीत उणे ऐंशीचा फ्रीजर
उणे चौसष्टवर येतो, ओरडतो.
मी त्याच्या दाराला पाठ लावून उभी राहते,
जणू माझ्या पाठीने गारवा आत राहणार आहे.

तुर्भ्याला, प्राणिगृहात, अकरावा दिवस.
नौशाद एकेकीला शेपटीला धरून उचलतो.
निरोगी शेपटी बोटाला वेढा घालते.
शून्य.
शेपटी लोंबली : एक.
मागचे पाय लडबडले : दोन. गेले : तीन.
जितके गुण जास्त तितकी नापास,
अशी परीक्षा मी शाळेत दिली नव्हती.

सात नंबरची शेपटी
ओल्या नाडीसारखी सरळ लोंबली.
"मढवी मॅडम, लॉट पास," नौशाद म्हणाला.
खरंच होतं. प्रथिन उत्तम होतं.
घडी नीट बसली होती.

चौदाव्या दिवशी तिला तीन.
पाय गेले की खाणं वरच्या जाळीत ठेवायचं नाही,
भिजवून खाली ठेवायचं, नळी लांब लावायची,
तसा नियमच आहे.
मी कालवलं, थोडं जास्तच पातळ झालं.
ती आली, पुढच्या दोन पायांवर
उरलेलं अंग ओढत, भुश्यात एक रेघ काढत.

खाल्लं तिने.
त्याला वहीत रकाना नाही.