दोन ते तीनच्या मधे

पोटरी आधी तापली, मग धोंडा झाली.
मी म्हटलं, गोळा आला असेल.
लग्नसराई, एकवीस ब्लाउज कापून पडलेले,
तीन रात्री मशीनपुढून उठले नव्हते.
सोनोग्राफीवाल्या पोरीनं थंडगार जेली फासून
पडद्यावर बोट ठेवलं:
इथून पुढे जात नाही, मासी.
शिरेत विरजण लागलेलं.

आठ दिवस पोटात सुया.
सुयांचं मला काय,
पण या दुसऱ्याच्या हातात होत्या.

मग ही गोळी, रोज सहाला, मंगळवारी अर्धी.
आयुष्यभर रक्त आटवलं, म्हणून दाटलं असेल,
मी म्हणाले. डॉक्टर हसले नाहीत.
गोळीनं रक्त पातळबितळ होत नाही, म्हणाले,
नुसता गोठायला उशीर लागतो.

उशीर.
तो मला कळतो. अख्खा दांडिया बाजार
मला त्यावरूनच ओळखतो.

पंधरा दिवसांनी दंड पुढे करायचा.
आकडा दोन ते तीनच्या मधे हवा.
कमी आला तर गाठीची भीती,
वर गेला तर रक्ताची.
मधून टीप घालायची, सरळ,
काठापासून अर्धा इंच सोडून.
मेथी चालेल, पण मोजून. तीच वाटी, तेवढीच.
हंसाबेननी ऊंधियुचा डबा पाठवला,
झाकण उघडून वास घेतला
आणि सुनेकडे सरकवला.

उत्तरायणाला नातू म्हणाला, फिरकी धर.
सून ओरडली, मांजा आहे, आईंना नको!
या घरात मला दोऱ्याला नको म्हणणारी
ती पहिलीच.
मी धरली. भांडी घासायचे पिवळे हातमोजे घालून.
पतंग सुरसागराच्या अंगाला गेला, ढील मागत गेला,
आणि मोज्याच्या वर, मनगटाशी,
केस ओढल्यासारखं झालं.

खाली येऊन रुमाल दाबून बसले, घड्याळासमोर.
वर गच्चीत लपेट, लपेट चाललेलं.
पाच मिनिटं. नऊ.
रुमालाची घडी बदलली.
घाबरायला हवं होतं, घाबरलेही,
पण मधूनच वाटून गेलं,
वाहतंय की.

सतराव्या मिनिटाला थांबलं.
वहीत लिहिलं: चौदा जानेवारी, सतरा मिनिटं, विचारणे.
खुर्चीतच पंजा वर-खाली केला,
सांगितलाय तसा, वीस वेळा.

हंसाबेनचा ब्लाउज अजून बाकी आहे.
उशीर होईल म्हणून सांगितलंय.