वहीतले चार

बेकपच्या मैदानाला उतार आहे.
चेंडू नुसता ठेवला तरी मिडविकेटकडे निघतो,
भिंतीपलीकडच्या मेंढ्यांना ते पाठ झालंय.
मी इथे गुण लिहिते.
आठवडाभर दुकानात गोळ्या मोजायच्या, शनिवारी धावा.
मिरजेत कुणी मला बॅटला हात लावू दिला नव्हता.

हिवाळाभर क्लबच्या बारमध्ये एकच वाद.
टीव्हीवर कुणी सलामीचा फलंदाज
आखूड चेंडूला पाठ देऊन उभा राहिला
की कीथ ऑर्मरॉड ग्लास आपटतो:
"ह्याच्यापेक्षा मी बरा!"
कीथ बॉयलर दुरुस्त करतो. वय एकेचाळीस,
गुडघ्याला पट्टा, तिसऱ्या संघाचा कणा.
"सरावाला वेळ मिळाला असता तर..."
सगळे माना डोलवतात.
सगळ्यांचंच काही ना काही 'तर' मध्ये अडकलेलं.

मेमध्ये डेक्लन आला.
बावीस वर्षांचा. काउंटीने करार वाढवला नाही:
चहा पाजला, हात मिळवला, संपलं.
आता दिवसा गोदामात खोकी लावतो,
संध्याकाळी आमच्या पोरांना शिकवतो.

गुरुवारी कीथने पैज मारली. मधल्या खेळपट्टीवर, एकच षटक.
मला म्हणाले, तू लिही,
नाहीतर उद्या हा भलतंच सांगत सुटेल.

पहिला चेंडू मी पाहिला नाही.
कीथनेही नाही.
यष्टिरक्षकाच्या हातात धप्पकन वाजलं
तेव्हा त्याची बॅट वर निघाली होती,
वरात पुढे गेल्यावर पोचलेल्या बँडसारखी.
मी टिंब दिलं. मग आणखी एक.
तिसरा मांडीवर बसला,
शिवणीचे टाके कातडीवर मोजता यावेत असा.
डेक्लन जवळ येऊन म्हणाला, हळू टाकू का?
कीथ म्हणाला, खबरदार.

पाचव्याला त्याचे डोळे मिटलेले होते, मी शपथेवर सांगेन.
कड लागली, स्लिपमध्ये कुणी नव्हतंच,
बाकीचं काम उताराने केलं.
चार.
वही कधी विचारत नाही, कसे.
सहाव्याला मधली यष्टी मेंढ्यांच्या दिशेने गेली.

डेक्लनला गाडीतून सोडताना मी विचारलं,
तुला कमी काय पडलं रे?
बराच वेळ वायपर चालू होते.
"आमच्यात एक जण होता. एकच पॅड बांधून,
कॉफी संपवत संपवत नेटमध्ये यायचा.
मी हात सोडायच्या आधी
त्याचा फटका ठरलेला असायचा."
मग म्हणाला,
"त्यालाही देशाकडून कधी बोलावलं नाही."
आणि उतरला. डबा गाडीतच विसरला.

बारमध्ये ते चार अजून चालू आहेत.
कड आता कव्हर ड्राइव्ह झालीय.
एका षटकात चार, म्हणजे पन्नास षटकांत किती,
कीथ मला विचारतो. मी गणित करून देत नाही.
डेक्लन कोपऱ्यात लिंबूपाणी पीत बसलेला असतो;
कुणी त्याच्याकडे पाहिलंच, तर म्हणतो,
"हो, चांगला मारला होता."

फक्त परवा,
टीव्हीवर तो सलामीवाला पुन्हा आखूड चेंडूला वाकला,
खांद्यावर घेतला, कळवळला,
आणि आम्ही सगळे कीथकडे वळलो.
त्याचा हात मांडीवर होता.
"कठीण होता तो," म्हणाला,
आणि गुडघ्याचा पट्टा जरा सैल केला.