सिंह दिसला का?

भिशीत सगळ्या एकच विचारतात, सिंह दिसला का.
दिसला. झोपला होता.
पोटावर माशा, पाय वर,
आमचे वर्तकनगरचे मेहुणे जेवणानंतर पडतात अगदी तसा.
भोवती तीन जिपा, माणसं श्वास धरून,
आणि त्याने नुसती कूस बदलली.

मी सांगत होते नदीचं.
लुआंग्वा. म्हणताना तोंडात पेढा असल्यासारखं होतं.

हे चौतीस वर्षं महापालिकेच्या पाणीखात्यात.
चावीवाले घोरपडे.
खांद्यावर लोखंडी चावी, खाली सायकल,
कुठल्या गल्लीला किती आटे, सगळं बोटांत.
आणि आमच्या स्वतःच्या नळाला पाणी पहाटे साडेतीनला.
आपल्याकडे आधी सोडलं तर लोक काय म्हणतील?
लोक काही म्हणाले नसते.
मी म्हणत राहिले, चौतीस वर्षं.

अशा माणसाला लेकाने तिकीट काढून,
पिवळ्या तापाची लस टोचून,
त्या नदीवर नेऊन उभं केलं.
समोर हत्ती पाणी ओलांडताहेत, सोंडा वर, पिल्लं मधोमध,
आणि हे विचारतात, आत्ता खोली किती?
पावसाळ्यात कुठवर चढतं? जातं कुठे?
झांबेझीला, वाटाड्या म्हणाला, मग समुद्राला.
सगळं?
सगळं.
मग बराच वेळ हे बोलले नाहीत.
एवढं पाणी, आणि कुठेच चावी नाही.

वाटाड्या लॅक्सन न्जोवू.
न्जोवू म्हणजे त्यांच्याकडे हत्ती. आडनावच हत्ती!
मग आमचं सांगणं आलं.
इंग्रजी शब्द सापडेना,
तेव्हा ह्यांनी मान लांब केली, जीभ काढली,
जिपेच्या दांडीला चारी बाजूंनी चिकटून दाखवलं,
सासष्ट वर्षांचा माणूस.
दुसऱ्या दिवशी वाळूत एक निघाली, हातभर शेपटीची, आरामात.
लॅक्सनने गाडी थांबवली, टोपी काढली:
साहेब, तुमचे भाऊबंद.
ह्यांनी हात जोडले.
गंमत म्हणून नाही. मी शेजारीच होते.

शेवटच्या दिवशी गावाच्या अंगाला
नदीत खांब रोवलेले दिसले, अर्धा गोल.
मगर येऊ नये म्हणून.
आतल्या चार हात पाण्यात एक बाई पिवळा डबा बुडवत होती.
एवढी नदी, आणि तिच्या वाट्याची इतकीच.
नाव एस्नात. माझं तिला म्हणता आलं नाही.
कधी येतेस, मी खुणेने विचारलं.
तिने उगवतीकडे बोट केलं, अगदी खाली, झाडांच्या मुळाशी.
मी तीन बोटं धरली आणि चौथं अर्धं वाकवलं.
कळलं असेल की नाही कोण जाणे. हसली.
मग डबा डोक्यावर द्यायला मी हात लावला.
भरलेल्या पाण्याचं वजन
तिथेही तेवढंच आहे.
हे वरच्या काठावर खांब मोजत होते,
दोन खांबांत अंतर जास्त आहे म्हणत.

ह्यातलं भिशीत काय सांगू?
फोटो दाखवते, सिंहाचे. वाटीभर चिवडा संपतो.

आता सोसायटीला टाकी आहे, पाणी दिवसभर.
तरी साडेतीनला डोळे उघडतात.
कुशीला बघते तर हेही जागे.

परवा रात्री जेवून उपवनला गेलो.
काठावर ह्यांनी टॉर्च काढला,
कानाशी धरला, लॅक्सन धरायचा तसा,
आणि पाण्यावरून सावकाश फिरवू लागले.
तिकडे मगरींचे डोळे असे सापडायचे,
काळ्या पाण्यावर तांबडे, दोन दोन.
बाकावरचा मुलगा वैतागला, काका, बंद करा ना तो.
दोन मिनिटं, हे म्हणाले.
मी पदर ओढला. लोक काय म्हणतील, चला घरी.
अगं, आत्ता एक जोडी चमकली.
मांजर असेल.
पाण्यात?

कुठल्या बाजूला, मी विचारलं.