हळकुंडाचा आवाज

विश्रामबागेपुढच्या कॉलेजात मी 'सॉफ्ट स्किल्स' शिकवते,
तासाला साडेतीनशे, दिवाळीची सुट्टी बिनपगारी.
खोली नंबर बारा. पंखा एका अंगाला कललेला.
फळ्यावर लिहिते: नजरेला नजर द्या,
हात घट्ट मिळवा, हसा, पण फार नको.
मुलं लिहून घेतात,
'फार नको' सुद्धा.

शेवटच्या बाकावर सन्मती मगदूम,
कवठेपिरानचा, मेकॅनिकल, तिसरं वर्ष.
स्वतःबद्दल सांग म्हटलं
की उठतो, शर्टाचं शेवटचं बटण चाचपतो
आणि खिडकीतून सायकल स्टँडकडे बघत राहतो,
जणू त्याची माहिती तिथंच कुठंतरी कुलूप लावून ठेवलीय.
मी शेरा मारला: संवादकौशल्य कच्चे.
पुण्याच्या कंपनीनंही तेच लिहिलं, इंग्रजीत.

मार्चात वर्षाची हळद भरायला
मार्केट यार्डात गेले. सौदे नुकतेच उरकलेले.
हवा पिवळी, हमालांच्या भुवया पिवळ्या,
एका कुत्र्याची शेपटीसुद्धा.
अडतीच्या गादीशेजारी पट्ट्या लिहीत बसलेला
सन्मती. त्यानं मला पाहिलं नाही.

समोर कडेगावकडचे एक गृहस्थ पेटलेले:
शेजारच्या ढिगाला दोन हजार जास्त, मग माझ्याला का नाही?
अडत्या फोनवर. तोलाईदार काट्याआड.
पोरानं पेनाला टोपण लावलं, उठला.
एका पोत्यावरची धूळ झटकली. बसा काका.
पाणी दिलं. स्वतःही टेकला, त्यांच्याहून एक पोतं खाली.
आणि ऐकलं सगळं,
काढणीची मजुरी, डिझेल, शिजवायचं जळण,
बायकोनं आधीच सांगितलं होतं ते,
मधे एकदाही 'पण' न म्हणता.
मग शेजारच्या ढिगातलं एक हळकुंड उचललं,
त्यांच्या कानाशी मोडलं.
टण्ण.
त्यांच्या ढिगातलं त्यांच्याच हातात दिलं, मोडा तुम्ही.
ते आधी वाकलं.
तुटलं तेव्हा काहीच वाजलं नाही.

गृहस्थ हळकुंडाकडे बघत राहिले.
हा म्हणाला, "माल झकास हाय काका,
रंगाला तर शेजाऱ्याच्या वर.
अजून चार-पाच उन्हं खाऊ दे नुसती.
मंगळवारी आणा, मी हाय हितंच."
'तुमचा माल ओला' हे वाक्य
कुणीच उच्चारलं नाही, आणि दोघांनाही कळलं.

मी हळद न घेताच घरी आले.
आईनं विचारलं, पैसे विसरलीस?

पुढच्या तासाला फळा कोरा ठेवला. विचारलं,
मगदूम, ओली हळद ओळखायची कशी?
वीस मिनिटं बोलला. बटणाला हात नाही.
मागची पोरं पुढच्या बाकांवर सरकली.

खोटं नाही सांगत, त्याला लगेच नोकरी लागली नाही.
इंग्रजी लागतंच; रोज पाऊण तास आम्ही ते घासतो,
अजून काळ चुकतात, भूत आणि वर्तमान एका पोत्यात.
फक्त आता 'नेतृत्वाचा एक प्रसंग सांगा' म्हटल्यावर
तो 'नाही सर' म्हणत नाही. म्हणतो,
वन फार्मर वॉज व्हेरी अँग्री.

मे अखेर माझा करार संपतो.
मागच्या साली वाढ मागायला गेले होते.
नजरेला नजर दिली, हसले, फार नाही,
आणि प्राचार्यांच्या टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर
पाठ करून परत आले.

या वेळी पर्समध्ये एक हळकुंड आहे,
सन्मतीनं निवडून दिलेलं, खणखणीत वाळलेलं.
दाराबाहेर उभी आहे.
आत सर कुणावर तरी चिडलेत, जनरेटरच्या बिलावरून बहुतेक.
ठरवलंय, आधी त्यांचं सगळं ऐकायचं,
जनरेटरसकट.
मग मोडायचं.