वीस हजार किलोमीटर

गाडीच्या डाव्या खणात एक पुस्तक असतं.
ते कोणी वाचत नाही.
मी वाचलं, रिटायर झाल्यावरच्या पहिल्या उन्हाळ्यात,
लाइट गेलेली असताना,
पेन्सिल घेऊन, पान एकशे बारापर्यंत.

तेहतीस वर्षं लाइनमन होतो,
घाटंजीकडची अकरा गावं.
खांबावर चढणाऱ्याला एवढंच येतं:
नीट चाललंय त्याला उगाच हात लावायचा नाही,
आणि ठिणगी दिसली
तर उद्यावर ढकलायचं नाही.

यवतमाळचं शोरूम. गार हवा, कॉफी फुकट.
अंकुश कोडापे नावाचा पोरगा,
हातात पाटीएवढा टॅब,
मांडवात आहेर पुकारावा तसा वाचत गेला:
इंजिन फ्लशिंग, थ्रॉटल क्लीनिंग,
एसीचं निर्जंतुकीकरण, खालून अँटी-रस्ट,
इंजेक्टरसाठी एक बाटली,
टायरमधे नायट्रोजन,
"पॅकेजमधे स्वस्त पडते, काका."
अकरा हजार आठशे चाळीस.

म्हटलं, बाप्पा,
एवढ्यात तं म्या अख्खा डीपी न्हाऊ घातला असता.

पुस्तक काढलं. चष्मा लावला.
वीस हजारांच्या रकान्यात चार खुणा:
ऑइल, त्याचा फिल्टर,
चाकांची अदलाबदल, ब्रेकची तपासणी.
"फ्लशिंग कुठं लिहून हाये, दाखव."
त्यानं पान उलटलं. परत उलटलं.
"आन् नायट्रोजन? साध्या हवेत
शंभरात अठ्ठ्याहत्तर तोच हाये,
माही नात सातवीत शिकते."
मला वाटलं हसेल.
हसला नाही.

"केबिन फिल्टर तरी घ्या. चौदाशे."
तो मी परवाच घरी काढला होता,
दोन खटके दाबून,
आणि अंगणात झटकला:
सोयाबीनचं कुटार, कापसाचे तंतू,
कडुनिंबाची वाळकी पानं,
एक मेलेली गांधीलमाशी.
मंदा बघत राहिली. "हे आपण नाकात घेत होतो?"
नवा साडेतीनशेत आला,
बसवायला लागली पाच मिनिटं,
त्यातली तीन चष्मा शोधण्यात.

पोरगा जवळ सरकला.
"काका, हळू बोला. सायेब मांगं उभे हायेत.
महिन्याला इतके पॅकेज खपवा म्हणतात.
मी तुमाले वळखतो. आंबेझरीचा हावो.
मोहाच्या झाडात तार तुटून पडली होती,
तुमी रात्री आलते, पावसात."
मला आठवलं नाही.
अशा रात्री खूप होत्या.

तो गाडीखाली गेला. बऱ्याच वेळानं आला.
"बाकी सारं काटा.
पण पुढचे ब्रेक पॅड खरंच गेले."
मी म्हटलं, झालं, सुरू झालं याचं पुन्हा.
"या ना, स्वतःच पाहा."

गुडघे धरून वाकलो.
दोन मिलिमीटर. तेही नसेल.

महिनाभर उतारावर चाक किरकिरत होतं,
आणि मी रेडिओ मोठा करत होतो.
नाही म्हणायची एकदा चटक लागली
की माणूस स्वतःच्या गाडीचंही ऐकत नाही.
पुस्तकात ब्रेकच्या ओळीखाली
माझ्याच पेन्सिलीची रेघ होती.

बिल झालं चार हजार सहाशे साठ.
सगळ्या ओळी वाचल्या,
एका ओळीवर बोट ठेवलं, त्यानं न बोलता खोडली.
"जुने पॅड मले वापस दे."
त्यानं कालच्या पेपरात गुंडाळून दिले.

येताना उतार आला.
रेडिओ बंद केला.
काही ऐकू आलं नाही,
म्हणून आणखी एक उतार मुद्दाम ऐकला.

मंदानं गच्चीवर कुरड्या घातल्यात.
जुन्या लुगड्याला चार कोपरे, पॅडही चारच.
आधी राखेनं घासून घेतले तिनं, दोनदा.
मधून वावटळ येते, लुगडं फुगतं,
कोपरे जागचे हलत नाहीत.